पायांकडे पाहणारे सर

आमचे खेळाचे सर कुणाच्या तोंडाकडे पाहून बोलत नसत. मैदानाच्या कडेला उकिडवे बसायचे, कोपर गुडघ्यांवर टेकवायचे आणि नजर धावणाऱ्या मुलींच्या पायांवर. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. पहिल्यांदा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो तेव्हा वर न पाहताच म्हणाले, "पायाकडे पाहा गुरुजी. तोंड खोटं बोलते."

तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांचा धंदा त्यांच्या डोळ्यांत शिरलेला असतो. एका सहकाऱ्याच्या लग्नात सप्तपदी चालू होती. सगळे नवरीचा शालू न्याहाळत होते. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नवरदेव डावी टाच आपटून राह्यला. गुडघा जाईन लवकर." मी हसू दाबायला मांडवाबाहेर गेलो.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीच्या आमच्या लहानशा शाळेला खो-खोत नाव होतं ते त्यांच्यामुळे. प्रत्येक गोष्ट ते तुकडे करून शिकवायचे. बसल्या जागेवरून उठायचं, एवढंच आठवडाभर. मग उठून पहिलं पाऊल. मुली वैतागायच्या. "आधी हळू, मंग बरोबर. जोर आखरीले," म्हणत ते त्यांना पुन्हा खाली बसवायचे.

मग सिंदीकडची एक मुलगी आली. वडील शेतकरी, ती शिकायला इथे आत्याकडे राहायची. तिची हूल मी डोळ्यांनी पाहिली आहे. पाठलाग करणारी अगदी अंगाशी आली की हिचा खांदा एकीकडे झुकायचा आणि पाय भलतीकडे निघून गेलेले असायचे. पाठलागवाली हात पसरून नुसती उभी.

"कशी करतं तू हे?" सरांनी विचारलं.

"मले नाई माहीत सर. होऊन जाते."

सरांना हेच सहन होईना. जे कसं होतं ते माहीत नाही, ते मोठ्या सामन्यात दगा देईल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी तिच्या हुलीचेही तुकडे केले. आधी खांदा, मग कंबर, मग पाय. पूर्ण हंगामभर ती तेच करत राहिली. सरांची ही चूक मायेपोटी झाली, हे मी आजही म्हणेन. पण चूक ती चूकच.

निवड चाचणी नागपूरला होती. राज्याच्या संघात आली तर वडील तिला पुढे शिकायला वर्ध्यातच ठेवणार होते, नाहीतर घरी परत. मीही गेलो होतो. पाठलागवाली जवळ आली आणि आमची मुलगी क्षणभर थांबली. आधी काय, खांदा की कंबर, याचा विचार करत होती. तेवढ्यात पाठीवर हात पडला. दुसऱ्या डावातही तसंच झालं. सर उकिडवे बसले होते, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

महिन्याभरात वडील येऊन तिला घेऊन गेले. पुढे सिंदीतच तिचं लग्न झालं.

त्यानंतर सर बदलले. नवीन मुलगी आली की महिनाभर तिला काही सांगायचेच नाहीत, नुसते पाहायचे. तिनं विचारलं, "सर, बरोबर आहे का?" तर म्हणायचे, "तुले कसं वाटते?" खेळाचे सर बसून पगार खातात, अशी पालकांची कुरकुर मुख्याध्यापिकेपर्यंत गेली. मी सरांना ते सांगितलं, तर म्हणाले, "हात लावला का बिघडते गुरुजी. तिचं होतं ते तिच्यापाशी राहू द्यायले पाह्यजे होतं."

सिंदीच्या त्या मुलीला एकदा भेटून विचारायचं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. मी तुझं नुकसान केलं का, एवढंच. रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते वर्धा स्टेशनवर जायचे. तिकीट काढायचे. आणि दुपारी घरी. "गाडीले गर्दी होती," असं मला सांगायचे. कितीतरी रविवार असे गेले. शेवटी मी म्हणालो, मी येतो सोबत. "पुढल्या ऐतवारी जाऊ," म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांना सावंगीच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून ते परत आले नाहीत. माझं त्यांच्याशी नातं काहीच नव्हतं, तरी तो रविवार मला घरात काढवेना.

तेरवीला ती आली. अंगानं भरलेली, कपाळावर घाम. परतताना मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो आणि जे सरांना विचारता आलं नाही ते विचारून टाकलं.

तिनं हातातली पिशवी बाकावर ठेवली.

"हूल गेली ते गेलीच गुरुजी. सासरी आंगणात एकटीनं करून पाह्यली, नाई आली. तवा लय राग होता सरचा. मंग पोरं झाली, राग कुठचा राहते." मग म्हणाली, "पण एकदा यायले पाह्यजे होतं त्याइनं. मी काय भांडली असती? बसा म्हटलं असतं. चा ठेवला असता."

गाडी लागली, ती चढली, खिडकीशी बसली. गाडीला गर्दी मुळीच नव्हती. आणि सिंदी काही लांब नाही हो. गाडीत बसून गप्पा रंगायच्या आत येते.