ओठ दिसतील एवढा पडदा

बाबांनी उभं आयुष्य राइस मिलमध्ये धान सडायचा हलर चालवला. हलर सुरू असला की शेजारच्या माणसानं कानात ओरडलं तरी कळत नाही, म्हणून मिलमधली माणसं घसा ताणत बसत नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. पोतं लाव, पट्टा सुटला, चहा आला, सगळं ओठांवर. त्या आवाजानं बाबांचे कान गेले ते गेलेच, ओठ वाचणं मात्र राहिलं. कानाचं यंत्र आणून दिलं तर म्हणाले, "याच्यात परत मिलच चालू होते," आणि डबीत घालून ठेवून दिलं. समोरासमोर बसलं तर त्यांच्याशी बोलणं अजिबात अवघड नाही.

अडचण होती ती धाकट्या बहिणीच्या फोनची. ती हैदराबादला एका दवाखान्यात नर्स आहे. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. पण माझ्या फोनचा पडदा तो केवढा, आणि मोतीबिंदू काढल्यावरही बाबांची नजर जेमतेमच. ते फोन नाकाशी धरायचे, मग तिला बाबांचं नुसतं कपाळ दिसायचं. शेवटी मी मध्ये बसू लागलो. ती बोलायची, मी ऐकायचो आणि बाबांकडे वळून ओठांनी सांगायचो. तिची दहा वाक्यं माझ्या तोंडून दोन होऊन निघायची. बरी आहे म्हणते. जेवली म्हणते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती म्हणाली, "दादा, माह्यं मन नाही लागून राहिलं इथं. मले घरी याचं आहे. बाबाले सांग."

मी बाबांकडे वळलो आणि सांगितलं, ड्यूटी जास्त आहे म्हणते.

आपली पोरगी मोठ्या दवाखान्यात आहे, हे बाबांनी आमच्या करडी गावापासून मोहाडीच्या बाजारापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, चार दिवसांत तिचं मन लागेल, कशाला म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लावायचा. हे मी माझं मीच ठरवलं, मला कोणी ठरवायला सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "बाबा काय म्हनले?" मी म्हणालो, "काही नाही म्हनले." शब्दाला शब्द लावला तर ते खरंही होतं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त लाज वाटते. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

मोठ्या पडद्याचं बाबांनीच काढलं. मी मोहाडीला शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा ते शाळेत आले असताना आमचे एक सर लॅपटॉपवर मुलाशी बोलत होते. बाबा त्यांच्या मागे उभे राहून पाहत होते. घरी येताना म्हणाले, "त्याच्यात तं ओठ साफ दिसतेत गा. आपल्या पोरीशी मले तसं बोलाचं आहे."

त्याच सरांकडे एक जुना लॅपटॉप धूळ खात पडला होता, तो मी मागून आणला. विंडोज उघडेपर्यंत भात शिजून व्हायचा. तेव्हा मी ती काढून लिनक्स टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लिनक्स भराभर उघडली, पडदा झकास, पण वायफायचं चिन्हच गायब. आमच्याकडे वायफाय शेजारच्या काकांच्या घरून भिंतीपलीकडून येतं, त्यामुळे वायर जोडायची सोय नाही. आणि घरात फोनचं नेटवर्क इतकं लेचंपेचं की त्यावर चित्र अडकत अडकत चालतं.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारभर बसलो. यंत्राला आपल्या पोटातलं वायफायचं कार्ड दिसत होतं, पण ते चालवायचं कसं ते माहीत नव्हतं. फोन केबलनं जोडून, मुंगीच्या चालीनं ड्रायव्हर उतरवला, लॅपटॉप बंद करून सुरू केला आणि काकांच्या वायफायचं नाव पडद्यावर आलं. मी बाबांना ओठांनी सांगितलं, लागलं. त्यांनी मान हलवली आणि दाढीचं सामान कुठं आहे ते आईला विचारलं.

आमच्या घरात उघडी वस्तू आईला सहन होत नाही. टीव्हीला, मिक्सरला, शिलाई मशीनला, सगळ्यांना खोळ. त्याच संध्याकाळी तिनं जुन्या चादरीची घट्ट खोळ शिवून लॅपटॉपला चढवली.

रविवारी बाबा धुतलेला सदरा घालून बसले. मी लॅपटॉप उघडला. वायफाय बेपत्ता. त्या रविवारीही फोन, कपाळ आणि माझी दोन वाक्यं.

पुढचा आठवडा मी रोज शाळेतून आल्यावर लॅपटॉपवर वाकलेला. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. परदेशातल्या लोकांनी एकमेकांना दिलेले सल्ले वाचून ते सगळे करून पाहिले. बुड उघडून कार्ड कापसानं पुसलं आणि परत बसवलं. एक स्क्रू उरला. आई रोज रात्री निमूट खोळ चढवत होती. बाबा येता-जाता विचारत होते, "लागलं का?" गुरुवारी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी ओरडलो, "लागलं की सांगीन ना! काहून डोकं खाता?" ओरडणं त्यांना ऐकू गेलं नाही, पण ओठ दिसले. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं, आणि तरीही मी उठून गेलो नाही.

शनिवारी एका सल्ल्यात सांगितलेली कमांड टाकली, आणि यंत्रानं एका ओळीत निकाल दिला. कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, पण लॅपटॉपचं वायफायचं बटन हातानं बंद केलेलं आहे. बटन? मी कडेनं बोट फिरवलं. समोरच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढं सरकतं बटन होतं. सरकवलं, काकांचं वायफाय हजर. खोळ चढवून पाहिली, काढली, बटन पुन्हा बंद. काखेत कळसा आणि मी आठवडाभर सातासमुद्रापलीकडे विचारत होतो.

आईला दाखवलं तर ती म्हणाली, "उघडा ठेवला असता तं धुळीनं भरला असता, तवा काय केलं असतं?" मग कैची आणून खोळीचा तेवढा कोपरा कापला आणि लगेच टीपही मारली.

रविवारी बहीण पडद्यावर आली ती ताटाएवढी. बाबा तिच्यासमोर, मी बाजूला. मला काही काम नव्हतं.

"जेवली का व बाई?" बाबा मोठ्यानं म्हणाले.

तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाबाशीच बोल. दिसते त्यायले."

ती बोलली. काय खाल्लं, थंडी किती, ड्यूटी कोणती. बाबा एकेका शब्दाला मान हलवत होते. मग एकाएकी आवाज बंद झाला. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता आवाज गेला, आणि मी पुढे वाकलो. बाबांनी माझा हात बाजूला केला. लहानपणी ही पोरगी मिलमध्ये त्यांचा डबा घेऊन जायची, हे मी विसरलोच होतो. ती त्यांच्याशी हलरजवळचं बोलत होती. बाजूनं मला काही वाचता येत नव्हतं, पण काय असेल ते मला माहीत होतं.

"मंग ये ना!" बाबा एकदम म्हणाले. "कोन नाही म्हटलं तुले?"

आता तिचा आवाज आला. "दादाले इचारा."

बाबा माझ्याकडे वळले. "कवापासून?"

"दिवाळीपासून," मी म्हणालो. त्यांना दिसेल असं म्हणालो.

ते रागावले नाहीत. मग त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे वळवून घेतला. माझ्या बाजूनं आता मला फक्त त्याचं पाठचं झाकण दिसत होतं.

"गाडी कोनती, कवा येते, ते मलेच सांग," ते तिला म्हणाले. "याले नोको सांगू."