दाराखालचा गाळ

दादानं गाडी मला दिली ती सगळ्यांसमोर. आईच्या पंचाहत्तरीला सांगलीच्या घरी नातेवाईक जमले होते. जेवणं उरकल्यावर त्यानं अंगणातल्या फियाटवरचं कापड ओढून काढलं आणि म्हणाला, "आबांची गाडी आजपासनं तायडीची." गाडी पांढरीशुभ्र, नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास येत होता. मी रडले. फोटो निघाले. ते फोटो बघितले की मला आजही राग येतो.

आबा, म्हणजे आमचे वडील, एका डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी फियाट आबांनीच घेतली आणि पुढं ती भाड्यानं चालवली. आम्हा दोघांची शिक्षणं त्या गाडीत बसलेल्या वऱ्हाडांवर झाली. पावसाळ्यात आबा दर रविवारी दारांखालची बारीक भोकं काडीनं मोकळी करायचे. आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं. ती काडी धरायला मी कायम त्यांच्या शेजारी उकिडवी बसलेली असायची. त्यातूनच मला पत्र्याची गोडी लागली असेल. आता मी साताऱ्यात मुलांना पत्राकाम आणि वेल्डिंग शिकवते.

गाडी साताऱ्याला आणून दोन महिने झाले असतील. धुताना ड्रायव्हरच्या दाराखाली रंगाला मसुरीएवढा फुगवटा दिसला. अंगठ्यानं दाबला तर कर्रकन फुटला. स्क्रूड्रायव्हर लावला तो मुठीपर्यंत आत गेला. पत्रा नव्हताच तिथं. बोटभर जाड लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरलेली, तिच्या पाठीशी पुठ्ठा, आणि वरून तो दुधासारखा रंग. पुठ्ठा ओढला तसा आतून बारीक काळा गाळ भसाभसा माझ्या पायावर पडला.

तो गाळ मी ओळखला. सांगलीत वाढलेल्या माणसाला कृष्णेच्या पुराचा गाळ सांगावा लागत नाही. आबांच्या माघारी महापूर आला त्या दिवशी मी साताऱ्यातून दादाला फोन केला होता. "गाडीचं काय?" विचारलं, तर म्हणाला होता, "वर काढलीया. तू काळजी करू नगं."

मी सीट काढल्या, पायाखालचं रबर उचललं. ड्रायव्हरच्या पायाखाली माझी मूठ जाईल एवढं भोक होतं, त्यातून अंगणातली फरशी दिसत होती. आबांनी जपलेली दाराखालची भोकं लांबीनं बुजवलेली. आणि हे सगळं करून गाडी दिली कुणाला, तर पत्र्याचंच काम करणाऱ्या बहिणीला.

नवरा म्हणाला, "आधी फोन तरी कर."

मी केला नाही. फोनवर दादा हसतो आणि मी विरघळते. मी तो गाळ प्लास्टिकच्या पिशवीत भरला आणि रविवारी सकाळच्या एसटीनं सांगली गाठली.

दादा पेपर वाचत बसला होता. मी पिशवी त्या पेपरवरच उलटी केली.

"हे काय?"

"आबांची गाडी. तू वर काढलेली."

त्यानं चिमूटभर गाळ बोटांत चोळला. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थांबली.

"लोखंड हाय ते," दादा म्हणाला. "गंजणारच की."

"गंजली म्हणून नाही आले मी. खोटं बोललास म्हणून आले. तुझी स्वतःची गाडी बरी पुरातून सुखरूप निघाली? नवी होती ना ती."

"वन्सं," वहिनी म्हणाली, "त्या गाडीत आई होत्या. पोरं होती, मी होते. आमाला तासगावला सोडून हे परत आले, फियाटसाठी. पाणी गुडघ्याला लागलं होतं. गाडीत बसले, तर किल्ली न्हाई. किल्ली तुमच्याकडं होती."

होती. आबा गेले त्या आठवड्यात खुंटीवरची किल्ली मी पर्समध्ये टाकली होती, आठवण म्हणून. कुणाला विचारलं नव्हतं, आईनं तेवढं बघितलं होतं. साताऱ्यातल्या कपाटात साड्यांखाली ती पडून होती. पुढं गाडीबरोबर नवी किल्ली हातात आली, तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

"शेजारच्याला घेऊन चौकापतोर ढकलली," दादा म्हणाला. "चढ चढंना. पाणी छातीला आलं तवा सोडली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? जल्मभर सोताला खात बसली असतीस."

हे ऐकून मी निवायला हवं होतं. उलट भडकलेच. मी काय सोसू शकते हे यानं परस्पर ठरवायचं? "मग लांबी कशाला भरलीस? गंजकी द्यायची होतीस. माझं कामच आहे ते."

"चार लोकांत आईला चांगली दिसाया पायजे होती." मग पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "आन् तू किल्ली नेलीस ती कुणाला इचारून? गाडी माझ्या दारात, धुतो मी, आन् किल्ली तुझ्या पर्समदी."

मी न जेवता निघाले. वहिनीनं बळंच हातात दिलेली भाकरी कराडच्या स्टँडवर खाल्ली. नक्की कुणाचा राग आलाय, हे तिथं बसूनही मला ठरवता येईना.

तो सगळा हिवाळा मी गाडीखाली काढला. सडका पत्रा ग्राइंडरनं कापला, गाळ पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढला, कागद बेतून नवा पत्रा कापला. एका रविवारी दादा न सांगता आला आणि बाह्या सरसावून उभा राहिला.

"इकडं धर. खाली नको, वर."

"तुज्या पोरांशी बोलतीस तसं माज्याशी बोलू नगं."

"मग वाकडा धरू नकोस."

मी वेल्डिंगचे टाके मारत गेले, तो पत्रा धरून राहिला. एकदा उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडं बघितलं म्हणून मी त्याला अद्वातद्वा बोलले. तो काळा चष्मा चढवून आला. किल्लीबाबत चुकले हे मी कबूल केलं नाही, लांबीचं त्यानं केलं नाही.

गाडी आता चालते. जोडलेल्या जागी अजून नुसता गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा लाल हात आहे. दादा म्हणतो, रंग दे, लोक हसतात. मी म्हणते, एक पावसाळा जाऊ दे, पाणी कुठं धरतंय ते आधी बघते. मागच्या आठवड्यात त्यावरूनच आम्ही फोनवर भांडलो. या वेळी फोन त्यानं आपटला.