अर्धं बर्च

त्या काकांना मी आतापर्यंत एकदाच भेटलोय. नोव्हाय शहरातले निवृत्त इंजिनियर. मिशिगनच्या उत्तरेला त्यांनी जमीन घेतली होती. तिथले पाइन तोडल्यावर वाऱ्यावर आलेल्या बियांतून बर्च दाट उगवलं होतं आणि काकांना ते साफ करायचं होतं. माझा प्रबंध त्याच झाडांवर, म्हणून मी त्यांना थांबवायला गेलो होतो.

मी मातीचा नमुना काढला की काका आधी खड्ड्यात वाकून बघायचे, मग माझ्या पिशवीत.

"ही माती कुठे नेणार?"

"लॅबमध्ये, काका. बर्चची पानं लवकर कुजतात, माती सुधारते. मग त्याच सावलीत मेपल आपोआप येतात."

"आपोआप काही येत नसतं. तुला पे कोण करतं?"

"युनिव्हर्सिटी," मी चाचरत म्हणालो.

काकांनी एका झाडाची पांढरी साल नखाने खरवडली, जणू खाली दुसराच रंग निघणार होता.

"अर्धी ठेवतो, अर्धी तोडतो," ते म्हणाले. "दोन्हीकडची माती दरवर्षी माझ्यासमोर काढायची. बघू कोण खरं बोलतंय."

तोडल्या जाणाऱ्या झाडांचं वाईट वाटलं, पण मला नाही म्हणता येईना. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरी माझं प्रत्येक वाक्य खरं धरतात. ते तपासून बघणारे हे काका पहिलेच.

गाडी सुरू करताना माझ्याही मनात आलं, मेपल आलेच नाहीत तर?