नीलम्माक्कांनी घातलेलं नाव

हापसा मागून आला, असं मी सांगितलं. आमच्या गल्लीतला तो हापसा गेली तीस वर्षं एकाच जागी उभा आहे आणि त्याला चाकं नाहीत, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. नीलम्माक्कांची सात सीटांची गाडी मी फक्त सावलीत लावून देणार होतो. "अक्का, तुम्ही बसा, मी लावतो," असं म्हणून ऐटीत किल्ली घेतली, गाडी मागं घेतली आणि धाडकन आवाज झाला. मागचा दरवाजा पोटात गेला, बंपर एका बाजूनं लोंबायला लागला.

अक्का दुकानातून बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग हापशाकडं गेल्या आणि दोनदा हापसून बघितलं. पाणी आलं.

"हापसा चांगला हाय," त्या म्हणाल्या. "सर, तुम्हाला लागलं न्हाई ना?"

"नाही अक्का."

"मग किल्ली द्या."

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत अक्कांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्याच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. खाली त्यांचे यजमान संगप्पाअण्णा भांडी विकतात आणि अक्का त्यांवर नावं घालतात. हातात पेनाएवढं मशीन, ते टर्रर्र करतं आणि स्टीलच्या डब्यावर नवरीचं, मामाचं, आत्याचं नाव उमटतं. अठ्ठावीस वर्षांत लातूर, देवणी, शिरूर अनंतपाळकडच्या किती संसारांवर त्यांचं अक्षर आहे, याचा हिशोब कुणी केलेला नाही. भाऊ वेगळे झाले की शेत मोजायला मोजणीदार येतो आणि भांडी वाटायला अक्का जातात. उदगीरला एका जावेनं दुसरीची घागर आठ दिवस विटकरीनं घासून घासून नाव घालवलं होतं. अक्कांनी डोळे मिटले, घागरीच्या गळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "चि. सौ. कां. महानंदा हिस मामाकडून. त्या वर्षी माझ्या सुईचं टोक तुटलं होतं. 'म'चं पोट दोन रेघी हाय, बघा." जावेनं घागर मुकाट्यानं सरकवली.

ही सवय दुकानात थांबली असती तर ठीक होतं. पण अक्कांच्या घरात नाव नसलेली वस्तू राहत नाही. बादली, छत्री, अण्णांच्या कवळीची डबी, सगळ्यांवर नाव. माझ्या हेल्मेटवर 'सर, वरचा मजला' असं आहे. गाडीचं तर विचारूच नका. गेल्या पाडव्याला अण्णांनी गाडीला नवी बॅटरी आणली, तेव्हा अक्कांचा हात शिवशिवला. पण भांड्यांखेरीज दुसऱ्या कशावर काय लिहितात हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी टर्रर्र करून लिहिलं : 'चि. गाडी हिस, नीलम्मा व संगप्पा यांजकडून सप्रेम भेट. दिवाळी पाडवा.' स्टेपनीवर जागा कमी होती, तिथं 'गाडीचे पाचवे चाक. हात लावू नये' एवढ्यावर भागवलं. भोंगा मात्र त्यांनी बिननावाचा ठेवला. तो दोन सुरांत असा हंबरायचा की रस्त्यातली गुरं मान वळवून बघायची. त्याला नावाची गरजच नव्हती.

अक्का गाडी शिकल्या पंचेचाळिसाव्या वर्षी. तोवर गिऱ्हाइकानं दुकानात यायचं आणि त्यांनी खाली मान घालून नावं घालायची. गाडी आली आणि त्या मशीन घेऊन आठवडी बाजारांना जायला लागल्या. मागची बाकं काढली, तिथं भांडी रचली. आणि यंदा नांदेडहून एका मोठ्या लग्नाचं काम आलं होतं. आहेराचे पाचशे डबे, प्रत्येकावर नाव, गुरुवारी सकाळी मांडवात पोचले पाहिजेत. जिल्ह्याबाहेरचं हे त्यांचं पहिलंच काम. त्याच्या पंधरा दिवस आधी मी गाडी हापशावर घातली.

गाडी दुरुस्तीला नांदेड रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेली आणि सहा दिवसांनी चकचकीत होऊन परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. मी, अण्णा आणि समोरचा चहावाला, तिघांनी ढकलली तेव्हा कुठं सुरू झाली. देवणीच्या बाजारात भर उन्हात बंद पडली. दिवे समईसारखे लागायला लागले. भोंग्याचा तर आवाजच बसला. दाबला की सर्दी झालेल्या शेळीसारखा कण्हायचा.

गाडी दोनदा शोरूमला दाखवली, तिथला टायवाला दोन्ही वेळा फार गोड बोलला. "मॅडम, मागचं काम आम्ही केलं, पुढचं वयामुळं होतंय. गाडी थकली. एक्सचेंजमध्ये देऊन टाका, आजच चांगली किंमत आहे."

अण्णा भिडस्त माणूस. टाय लावलेला माणूस खोटं बोलेल, हे त्यांच्या मनात कधी येत नाही. रविवारी दुपारी जेवताना ते हळूच म्हणाले, "अगं, मी त्यांना उद्या येतो म्हणलोय. ही देऊन टाकू, छोटी घेऊ."

"छोट्या गाडीत पाचशे डबे कुठं बसतेत? माझ्या मांडीवर?"

"मंग नांदेडचं काम नको म्हणू."

नांदेडला नको म्हटलं की पुढचं अक्कांना स्पष्ट दिसत होतं. बाजार सुटणार आणि पुन्हा दुकानात खाली मान. त्या हात धुऊन गाडीपाशी गेल्या. द्यायचीच असेल तर एकदा नीट बघून द्यावी, म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं आणि सवयीनं बॅटरीवरून अंगठा फिरवला.

अंगठा घसरला. कुठंच अडला नाही. त्यांनी चारी बाजूंनी फिरवला. गुळगुळीत. मग खाली वाकून स्टेपनी पाहिली. तिच्यावर नाव नव्हतंच, टायरची नक्षीही झिजून गेलेली.

"आवो, इकडं या," अक्का म्हणाल्या. "ही बॅटरी आपली न्हाई."

"धुताना नाव गेलं असंल."

"माझं नाव?" अक्कांनी विचारलं.

सोमवारी आम्ही तिघं शोरूमला गेलो. मला साक्षीदार म्हणून नेलं, असं मी समजत होतो. गाडी दोनदा ढकलल्यावर खरं कारण कळलं. अक्कांनी टायवाल्याला सगळं शांतपणे सांगितलं.

तो हसला. "मॅडम, आमच्या वॉशिंगला प्रेशर असतं. उडालं असेल नाव."

"लेकरा, जावेनं आठ दिवस विटकरीनं घासलं तरी माझं नाव उडत न्हाई. तुमच्या पाण्यात काय विटकरी असतेत का?"

"मग बाहेर कुणी बदलली असेल. देवणीच्या बाजारात उभी होती ना? इथं बदलली कशावरून?"

अक्कांना आपलं अक्षर ओळखता येत होतं, पण समोर अक्षरच नव्हतं. टायवाल्यानं एक्सचेंजचा कागद पुढं सरकवला, पेन उघडून दिलं. अण्णांनी पेन हातात घेतलं.

तेवढ्यात बाहेर नारळ फुटला आणि एक भोंगा वाजला. दोन सुरांत, रस्त्यातली गुरं वळून बघतील असा.

अक्का ताडकन उठल्या. "ह्यो माझा भोंगा!"

बाहेर झेंडूचा हार घातलेली, आमच्यासारखीच, पण याच शोरूममधून जुनी म्हणून विकत घेतलेली गाडी उभी होती. देवणीचे किशनराव आणि त्यांच्या पत्नी सिंधुताई ती घरी न्यायला आले होते. किशनराव हौसेनं पुन्हा पुन्हा भोंगा दाबत होते. अक्कांनी आरडाओरड केली नाही. त्या सिंधुताईंजवळ गेल्या.

"पूजा झाली का ताई?"

"झाली की. चाकांना लिंबू लावले, बॉनेटवर स्वस्तिक काढलं."

"अन् इंजिनाची? चालतंय ते आत अन् पूजा बाहेरच्या पत्र्याची?"

सिंधुताईंना हे एकदम पटलं. "आवो, उघडा ना ते! ह्या मावशी बरोबर बोलायल्यात."

टायवाला धावत आला. "मॅडम, गाडी पॅक केलेली आहे, आता..."

"गाडी कुणाची हाय?" किशनरावांनी विचारलं आणि बॉनेट उघडलं.

बॅटरी काळीभोर होती. वर कसलंतरी चकचकीत पॉलिश फासलेलं. बघून काही दिसत नव्हतं. अक्कांनी कमरेच्या पिशवीतून विभूतीची डबी काढली, तीन बोटं बुडवली आणि 'शिवा' म्हणून बॅटरीवर आडवी ओढली. मग अंगठ्यानं पसरली. अंगठा अडला. अडत अडत पुढं गेला. पांढरी विभूती एकेका चरीत बसत गेली आणि काळ्या बॅटरीवर अक्षरं उमटली, लग्नाच्या डब्यावर उमटतात तशी ठसठशीत.

सिंधुताईंनी मोठ्यानं वाचलं, "चि. गाडी हिस... नीलम्मा व संगप्पा यांजकडून सप्रेम भेट!"

"मंजी?" किशनराव गोंधळले. "ही गाडी कुणाची पोर हाय?"

"गाडी तुमचीच हाय दादा," अक्का म्हणाल्या. "काळीज माझ्या पोरीचं बसवलंय. खाली वाकून पाचवं चाक बी बघा. 'हात लावू नये' असं लिहिलंय का?"

किशनराव वाकले आणि लाल होऊन उठले. "मी बैल घेताना दात बघतो, खूर बघतो. हिचं समदं बघितलं. पोटात दुसऱ्याचं काळीज असंल हे कुणाला ठावं! मला तर नवी बॅटरी म्हून सांगितली." ते सरळ शोरूमच्या पायरीवर बसले. "नारळ फुटलाय. आता माझी नवी बॅटरी आल्याबिगर उठत न्हाई."

काचेच्या खोलीतून मॅनेजर घामाघूम होऊन बाहेर आला. "ताई, चुकून झालं असेल."

अक्कांनी त्याच्याकडं मायेनं बघितलं. "बॅटरी चुकली, चाक चुकलं, भोंगा चुकला. एवढं चुकून समदं एकाच गाडीत बरोबर कसं बसलं रे बाबा?"

सर्व्हिसला आलेली दहाबारा माणसं जमली होती. त्यांच्यातले अर्धे हसले आणि उरलेले अर्धे आपापली बॉनेटं उघडायला पळाले.

दोन तासांत अक्कांचं सगळं अक्कांच्या गाडीत परत बसलं. मॅनेजरनं स्वतःच्या सहीनं माफी लिहून दिली. किशनरावांना कोरी बॅटरी, नवं चाक आणि नवा भोंगा मिळाला. अक्कांनी पिशवीतून मशीन काढून त्या बॅटरीवर तिथंच फुकट नाव घालून दिलं. मग रांगच लागली. टायवाला खुर्ची आणि पाणी घेऊन आला, कारण मॅनेजरनं सांगितलं होतं. अण्णा तर ओळख नसलेल्या माणसांना धरून सांगत होते, "माझी बायको हाय." निघताना त्यांच्या खिशाला शोरूमचं पेन दिसलं. अक्कांनी ते परत करायला लावलं. "त्यांचं त्यांना द्या. नाव त्यांचं हाय त्याच्यावर."

गाडी अर्ध्या किल्लीला सुरू झाली. गुरुवारी सकाळी पाचशे डबे नांदेडच्या मांडवात पोचले. नवरीच्या आजीनं एक डबा उचलून अंगठ्यानं नाव चाचपलं आणि धाकट्या नातीच्या लग्नाचं काम तिथंच सांगून टाकलं. परतीच्या वाटेवर अक्का गाडी चालवत होत्या. एक म्हैस आडवी आली. अक्कांनी भोंगा दाबला आणि म्हैस अदबीनं बाजूला झाली. मला वाटलं, आता वातावरण चांगलं आहे, आपलीही थोडी बाजू मांडावी.

"अक्का," मी म्हणालो, "एक मात्र आहे. मी त्या दिवशी गाडी ठोकली नसती, तर ही चोरी कधी उघडकीलाच आली नसती."

अक्कांनी गिअर बदलला.

"सर, तुम्ही ठोकली नसती तर चोरीच झाली नसती."