केसाएवढी तिसरी तार

वशरामभाई कणझारियांच्या दुकानातून "हे आता फेकून द्या" असं ऐकून कोणी परत गेलं असेल, तर त्याने पुढे यावं. छत्तीस वर्षांत आख्ख्या जामनगरात असा माणूस निघायचा नाही. मिक्सर असो, रेडिओ असो, लॅपटॉपचा चार्जर असो, वशरामभाई तो कानाशी हलवून बघणार आणि म्हणणार, "जगेल." समोर किरीटभाईंचं नव्या मालाचं चकचकीत दुकान निघालं, तेव्हा वशरामभाईंनी भर बाजारात त्यांना "खोकी फोडणारा" म्हटलं. किरीटभाई कसले ऐकून घेतात! त्यांनी "भंगाराचा डॉक्टर" म्हणून परतफेड केली. झालं, आठ वर्षं दोघांत अबोला. मधला रस्ता काय तो बारा फुटांचा.

पण झाकली मूठ सव्वा लाखाची. गेल्या होळीपासून वशरामभाईंना बारीक दिसेनासं झालं होतं. चष्मा बदलून झाला, टेबलावरचा दिवा बदलून झाला, तरी डोळ्यांपुढचं धुकं हटेना. बायकोला, रंभाबेनलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. तिला कळलं तर ती दुकान बंद करायला लावणार, आणि मग माणसाने करायचं काय, गाठिया खात ओट्यावर बसायचं? मोठ्या वस्तू ते हाताच्या अंदाजाने उरकत. बारीक काम आलं की "सामान राजकोटहून यायचंय" म्हणत पुढे ढकलत.

अशात लाभपाचम उजाडली. दिवाळीला खाली आलेली शटरं या दिवशी मुहूर्तावर वर जातात, आणि पहिलं गिऱ्हाईक कोणी परत पाठवत नाही. पहिल्यालाच नाही म्हटलं, तर ते 'नाही' वर्षभर दुकानात ठाण मांडून बसतं. वशरामभाईंनी कुंकवाने शुभ-लाभ लिहिलं, उदबत्ती लावली आणि मागे वळले, तर दारात झंखना.

झंखना त्यांच्याच गल्लीतली. पितळेच्या सुट्या भागांची ड्रॉइंग घरी बसून काढायची आणि कारखान्यांना द्यायची. बाप गेल्यापासून घर तिच्याच लॅपटॉपवर चालत होतं.

"साल मुबारक, काका. चार्जर बिघडलाय. पिन वाकडी धरली की चालतो, सोडली की बंद. अकराच्या आत ड्रॉइंग पाठवायचंय. नवा कारखाना आहे, पहिलंच काम. आज चुकलं तर पुन्हा दारात उभं करणार नाहीत."

"मग नवाच का नाही घेत?" वशरामभाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि ते स्वतःच चपापले.

"हे तुम्ही विचारताय?" झंखना हसली. "आई म्हणाली, वशरामकाका असताना नवा घेणारी तू मोठी कोण लागून गेलीस?"

आता काय बोलणार! त्यांनी पिनेजवळची वायर सोलली. दोन जाड तारा बोटांनाच कळल्या. तिसरी मात्र केसाएवढी. लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो तो तिच्यावरून. ती तिथे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, दिसत तेवढी नव्हती. भिंग लावलं, दिवा जवळ ओढला. सापडली म्हणेपर्यंत हरवली. चुकून जाड तारेला चिकटली असती तर लॅपटॉपच जळला असता.

"काका, हात का थांबला?"

अंदाजाने डाख द्यावा का? छत्तीस वर्षांचा हात, दहांत सात वेळा जमेल. उरलेल्या तीन वेळा या पोरीचं घर बसेल. आणि नाही म्हणावं, तर मुहूर्त बुडाला आणि इतक्या वर्षांची अब्रूही गेली. वशरामभाईंना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

त्यांनी सोल्डरगनचा प्लग काढला. "चल पोरी, समोर जाऊ."

त्यांना रस्ता ओलांडताना पाहून पानवाल्याचा चुना लावता हात थांबला. किरीटभाई गल्ल्याला हार घालत होते.

"अरे वा! डॉक्टरसाहेब, आज पेशंट घेऊन आमच्या दारी?"

"किरीट, याच्यासारखा अस्सल चार्जर काढ. नकली देशील तर बघ. तुझी भवानी माझ्या हातून होऊ दे."

किरीटभाईंनी खोकं काढून झंखनाच्या हातात दिलं आणि जुना चार्जर उलटसुलट पाहिला. "हे तर तुमच्या डाव्या हातचं काम. इथे का आणलंत?"

वशरामभाई आधी झंखनाला म्हणाले, "तू पळ. अकरा वाजतील." पण ती हलली नाही.

"मला दिसत नाही, किरीट," ते म्हणाले. "होळीपासून दिसत नाही."

किरीटभाईंनी हातातला चार्जर खाली ठेवला. "भाभींना माहीत आहे?"

"नाही."

"लोकांची यंत्रं उघडून बघता, मग स्वतःचे डोळे दाखवायला काय झालं होतं? मोतीबिंदू असेल. माझ्या सासऱ्यांचा काढला, आता पेपर वाचून डोकं खातात."

"आणि डॉक्टर काहीच इलाज नाही म्हणाला तर?"

हा प्रश्न वशरामभाईंनी आठ महिने स्वतःलासुद्धा मोठ्याने विचारला नव्हता. झंखनाने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि खोकं छातीशी धरून घराकडे पळाली.

किरीटभाईंनी हार गल्ल्यावर अर्धवट टाकला, आकडी घेतली आणि शटर खाली ओढलं. लाभपाचमीला एका गिऱ्हाइकावर दुकान बंद करणारा वेडा त्या बाजाराने कधी पाहिला नव्हता.

"डोळ्यांचा दवाखाना आजच उघडतोय. बसा मागे," ते स्कूटर काढत म्हणाले. "मी आहे बरोबर."

वशरामभाई मागे बसले. भीती तशीच होती, पण आता ती त्यांना एकट्याला धरून बसायची नव्हती.