महाबळ सर ज्वालामुखीवर

लाँच ग्रीसमधल्या सँटोरिनीच्या ज्वालामुखीच्या बेटाला लागते, सहलीची मंडळी टोप्या चढवून वर निघतात आणि मी गुडघ्यांचं निमित्त सांगून बाकावरच आडवी होते. सकाळचे अकरा. गुडघे ठणठणीत आहेत. खरं कारण महाबळ सर. साताऱ्याच्या कॉलेजात त्यांनी मला दगड शिकवले, पीएचडीला घेतलं, आणि मी न कळवता बँकेत चिकटले. पुन्हा तोंड दाखवलं नाही. गेल्या वर्षी सर गेले. हा डोंगर ते जन्मभर फळ्यावर काढत राहिले, बघायला मिळाला नाही. मी कुठल्या तोंडाने वर जाऊ?

डोळे मिटतात. लाँच डुलते आहे आणि सर समोर बसले आहेत, खिशात भिंग.

"मणेरीकर, झोपा कसल्या काढताय?"

आम्ही चालतो आहोत. राखेखालून उकरलेलं जुनं गाव, दुमजली घरं, ओळीने रांजण. वळणावर आमची प्रयोगशाळा लागते, खिडकीत निळा समुद्र. सर रांजणावरून हात फिरवतात.

"साडेतीन हजार वर्षं! काय माणसं असतील! इथं एक सांगाडा मिळाला नाही. जमीन हादरली, तशी वेळेत निघून गेली."

"मीही गेले, सर. न सांगता."

"हं."

"रागावलात?"

"दोन वर्षं. सडकून. मग कळलं, वडील अंथरुणाला खिळले होते तुमचे. बोलला का नाहीत?"

"तुम्ही थांब म्हणाला असतात. आणि मी थांबले असते."

सर वाकून एक पांढुरका खडा उचलतात. त्यांची रीतच ही, आधी जीभ, मग हातोडी. ओल्या दगडाचे कण स्वच्छ दिसतात.

"चाटा."

मी चाटते. "जिभेला चिकटतोय. हलका, भोकाभोकांचा. पाण्यावर तरंगेल. प्यूमिस!"

"शाबास! तीस वर्षं बँकेत काढून जीभ शाबूत आहे की."

मला रडू फुटतं. तुमच्यासारखा मास्तर पुन्हा भेटला नाही, मी म्हणते. पण सर कधीच पुढच्या भिंतीशी पोचलेत, डोळ्याला भिंग लावून.

भोंगा वाजतो. बाकावर मी एकटी. मंडळी अजून अर्ध्या चढावर दिसतात. दातांत काहीतरी कचकचतं. रुमालाने जीभ पुसते, तर रुमालावर पांढुरकी, बारीक रेव. बेटावर मी अजून पाऊल टाकलेलं नाही.

उरलेली गिळते, बुटांच्या नाड्या आवळते आणि उतरते.