अडणारा क्यूब

परतूरच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते, तिथं माझी एक ख्याती होती. बाई दोन मिनिटांत क्यूब सोडवतात. मोकळ्या तासाला आठवीच्या मुली क्यूब हवा तसा फिरवून माझ्या हातात द्यायच्या आणि मी पाठ केलेली सूत्रं लावून सहाही बाजूंचे रंग जुळवून द्यायची. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे राहायला आले आणि दिवसभर नुसते बसून राहू लागले. एके दिवशी माझा क्यूब जिन्यावरून पडला आणि त्याचे तुकडे पायऱ्यांवर विखुरले. मी नवीनच आणणार होते, पण वडील म्हणाले, "फेकू नको. मी बसवून देतो."

त्यांनी सगळे तुकडे रंगानुसार बरोबर बसवले. जे तडकले होते, ते गोंद लावून सांधले. तो गोंद जरा जास्तच झाला आणि तीन ठिकाणी शेजारशेजारचे दोन तुकडे एकमेकांना पक्के चिकटले. मला ते माहीत नव्हतं. मी क्यूब घेतला, जिकडे सहज फिरला तिकडे फिरवून रंग मोडले आणि सोडवायला बसले. सूत्राच्या मध्येच एक बाजू गच्च अडली. चिकटलेली जोडी आडवी आली की ती बाजू फिरेना. जोडी हलवली की ती बाजू मोकळी व्हायची, पण मग दुसरीच अडायची.

"बाबा, हा गेला कामातून."

"फिरतो की."

"एक फिरते तर दुसरी अडते. माझी सगळी सूत्रं अर्ध्यात बंद पडतात."

"मंग सूत्रं बदल."

ते सहज बोलले, पण मला राग आला. "असा क्यूब सुटतच नसतो," मी म्हटलं.

त्यांनी क्यूब माझ्याकडून घेऊन फिरवून पाहिला. मग म्हणाले, "मी तुझ्या हातात दिल्ता तेव्हा सगळे रंग जुळलेले व्हते. तिथून तू फिरवत फिरवत इथवर आली. मंग परत जायला रस्ता असलंच ना?"

मी क्यूब त्यांच्याकडेच राहू दिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक वही सुरू केली. क्यूबच्या बाजूंची माझी नावं त्यांच्या लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी स्वतःची दिली, एसटीच्या गाडीवरून. वरची बाजू टप, खालची तळ, समोरची काच, मागची शिडी, उजवी ड्रायव्हर, डावी दरवाजा. वहीत लिहायचे, 'टप पाव फेरा, ड्रायव्हर मागं, टप उलटा.' बाजू अडली की मी जोर लावायची. ते कधीच लावत नसत. "गंजलेला नट अडला की आधी जरासा आवळायचा, मंग सैल करायचा," असं म्हणून एक पाऊल मागं जायचे आणि दुसरीकडून यायचे. दोन बाजू जुळायच्या, तिसरी करताना मोडायच्या. जेवताना ताटाशेजारी क्यूब असायचा.

असे तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी शाळेतून आले तर क्यूब टेबलावर होता, सहाही बाजू जुळलेल्या. मी तो उचलून चारदा उलटासुलटा करून पाहिला.

"कधी झाला?"

"सकाळीच. पण भरोसा बसला न्हाई, म्हणून मोडून पुन्हा लावला. हा तिसऱ्यांदा हाये."

मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या निकालाला झाला नव्हता. मी त्यांना शाळेत चला म्हटलं तर ते तयार होईनात. "मी सातवी शिकलेला माणूस. तिथं येऊन काय करू?"

"मला जे येत नाही ते करून दाखवा," मी म्हटलं.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. एका मुलीनं क्यूब मोडला. मोडतानाही तो अडत होता, त्यामुळे तो साधा नाही हे सगळ्यांना कळलं. वडील खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि कामाला लागले. दोनदा अडले, दोनदा मागं फिरले. तास संपल्याची घंटा झाली तरी एकही मुलगी जागची हलली नाही. शेवटचा फेरा बसला आणि त्यांनी क्यूब वर धरला, तेव्हा टाळ्या ऐकून शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात आले. मी खडू घेतला आणि वडिलांची वही फळ्यावर उतरवायला लागले. टप, तळ, काच, शिडी. मुली लिहून घेत होत्या.

पुढच्या बाकावरची एक म्हणाली, "आजोबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणीच न्हाई, माय. मीच चिकटवला, मंग मलाच सोडवणं भाग व्हतं."

रविवारी दोन मुली आपापले क्यूब घेऊन घरी आल्या. त्यांनाही ते चिकटवून हवे होते. वडिलांनी त्यांचे क्यूब हातात घेऊन पाहिले आणि परत दिले.

"आधी सगळे रंग जुळवून आणा," ते म्हणाले. "मोडलेला चिकटवला तर मंग मलाबी सुटायचा न्हाई."

दोघी ओट्यावरच बसल्या आणि जुळवायला लागल्या.